मग ह्या ज्वालामुखीचं तोंड कुठंय?

ट्रेकला कोणी नवीन सोबत आलं की हा प्रश्न हमखास येतो. शाळेत कधीतरी वाचलेलं असतं की सह्याद्री ज्वालामुखीपासून बनलाय, मग माणूस धापा टाकत कळसूबाईच्या माथ्यावर पोचतो, चारी बाजूला बघतो आणि विचारतो की हा ज्वालामुखी होता ना, मग त्याचं तोंड कुठंय? मला हा प्रश्न फार आवडतो कारण तो अगदी नेमका आहे. उत्तर असं की तोंड नाहीच, कधी नव्हतंच. कळसूबाई ज्वालामुखी नव्हता, हरिश्चंद्रगड नव्हता, रायगड नव्हता, महाबळेश्वर पण नव्हतं. तरी ह्या सगळ्या डोंगरांचा दगड मात्र पायथ्यापासून माथ्यापर्यंत लाव्हाचा आहे, हेही तितकंच खरं. ह्या दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या कशा, ते एकदा समजलं की घाटातून जाताना खिडकीबाहेर बघायची पद्धतच बदलते, निदान माझी तरी बदलली, म्हणून आज सगळं बसून लिहून काढतोय.

आपल्या डोक्यात ज्वालामुखी म्हटलं की पुस्तकातलं चित्र असतं, शंकूसारखा डोंगर, वर खड्डा, त्यातून धूर. तसे ज्वालामुखी आहेतच, जपानचा फुजी तसा आहे, आपल्याकडे अंदमानातलं बॅरन बेट तसं आहे, पोर्ट ब्लेअरपासून साधारण १३५-१४० किलोमीटरवर, आणि भारतातला तो एकमेव जागृत ज्वालामुखी, बराच काळ गप्प राहून १९९१ मध्ये परत पेटला. तिथे एक भूपट्ट दुसऱ्याच्या खाली घुसतोय म्हणून तो तयार झालाय. आपल्याकडे झालं ते पूर्ण वेगळं. इथे जमीन फाटली. लांबच लांब भेगा पडल्या आणि त्या भेगांमधून लाव्हा वर येऊन पसरत गेला, एक लोट आला, थंड झाला, मग काही काळाने त्याच्यावर दुसरा, मग तिसरा. थापलेल्या भाकरींची चवड रचत जावी तसे हे थर एकावर एक चढत गेले, आणि चवड सपाटच राहते ना, तसं हे सगळं सपाट पठार तयार झालं. डोंगर त्यावेळी नव्हताच. डोंगर नंतर आला, त्याचं पुढे सांगतो.

हे झालं साधारण ६.६ कोटी वर्षांपूर्वी, आणि मुख्य उद्रेक दहा लाख वर्षांच्या आत आटोपला, भूशास्त्राच्या हिशोबात हा काळ अगदीच थोडा. आज जेवढा लाव्हाचा प्रदेश उरलाय, ज्याला दख्खनचा लाव्हा म्हणतात, तो सुमारे ५ लाख चौरस किलोमीटर, महाराष्ट्राचा ८० टक्क्यांच्या आसपास भाग त्याच्यात येतो, शिवाय गुजरात, मध्य प्रदेश, कर्नाटक, तेलंगण यांचे तुकडे. मुळात तो याहून कितीतरी मोठा होता, काही अंदाज तर तिप्पट सांगतात, बाकीचा झिजून गेला किंवा अरबी समुद्राखाली आहे. मुंबई हायला १९७४ मध्ये तेल सापडलं ते चुनखडीत, पण त्या चुनखडीच्याही खाली बऱ्याच भागात हाच आपला काळा दगड आहे.

ज्या भेगांतून लाव्हा वर आला त्या आज बघायला मिळतात का? मिळतात. लाव्हा यायचा थांबला की भेगेत जो उरलेला असतो तो तिथेच गोठतो, आणि जमिनीत उभी दगडी भिंत तयार होते, तिला डाइक म्हणतात. धुळे-नंदुरबार भागात ह्या डाइक इतक्या आहेत की नकाशावर कोणी रेघोट्या मारल्यासारख्या दिसतात, काही तर पन्नास किलोमीटरहून लांब. आजूबाजूचा खडक झिजला आणि ही भिंत टिकली की शेतांच्या मधून सरळ रेषेत जाणारी बुटकी टेकडी दिसते. तिकडून एसटीने जाणाऱ्या कितीतरी लोकांनी ती बघितली असेल, पण ही लाव्हाची वाट होती हे कोणी सांगितलेलं नसतं. तोंड कुठंय असं विचारणाऱ्याला मी आता हेच सांगतो, की तोंडाची रेघ बघायची तर साक्रीकडे जा.

एवढ्या मोठ्या गोष्टीची कल्पना यावी म्हणून माणसाने प्रत्यक्ष पाहिलेला एक उद्रेक सांगतो. आइसलंडमध्ये जून १७८३ मध्ये लाकी नावाच्या ठिकाणी जमीन अशीच फाटली, २७ किलोमीटर लांबीची भेग, आणि आठ महिने त्यातून लाव्हा येत राहिला, एकूण १४-१५ घन किलोमीटर. लाव्हापेक्षा वाईट होता तो वायू. सुमारे १२ कोटी टन सल्फर डायऑक्साइड हवेत गेला, फ्लोरिनने गवत विषारी झालं, मेंढ्या-गुरं मेली, मग दुष्काळ, आणि देशातली साधारण पाचातली एक माणसं गेली. युरोपभर त्या उन्हाळ्यात कोरडं धुकं पसरलं होतं. आता हे लक्षात घ्या की दख्खनचे काही एकेकटे लोट शेकडो घन किलोमीटरचे होते, काही त्याहून मोठे. असा एक लोट इथून निघून पार आंध्रात राजमहेंद्रीपर्यंत गेला असं मानतात, म्हणजे जवळपास हजार किलोमीटर, आणि पृथ्वीवर माहीत असलेल्या सगळ्यात लांब लाव्हा प्रवाहांमध्ये त्याची गणना होते. राजमहेंद्रीजवळच्या त्या काळ्या दगडाचं रसायन आपल्या महाबळेश्वर-आंबेनळीच्या थरांशी जुळतं. मला हे वाचलं त्या दिवशी नीट झोप लागली नव्हती.

इतक्या लांब तो वाहिला कसा, गोठला का नाही, याचंही उत्तर आहे. बेसॉल्टचा, म्हणजे आपल्या ह्या काळ्या दगडाचा, लाव्हा ११०० ते १२०० अंश सेल्सिअसला बाहेर येतो आणि त्यात सिलिका कमी असते, निम्म्याच्या आसपास, त्यामुळे तो पातळ असतो, स्फोट न होता पसरतो. वरची बाजू हवेने लगेच कडक होते आणि ती साल आतली उष्णता धरून ठेवते. आत लाव्हा वाहतच राहतो, पुढे सरकतो, आणि मागून येणाऱ्या लाव्हाच्या दाबाने वरची साल हळूहळू उचलली जाते. म्हणजे आज जो तीस-चाळीस मीटर जाडीचा थर दिसतो तो तेवढ्या उंचीची आगीची भिंत येऊन झालेला नसतो, सुरुवातीला पातळ असतो आणि आतून फुगत फुगत जाड होतो.

आता हा लाव्हा आलाच कुठून. पृथ्वीच्या कवचाखाली जे प्रावरण आहे, मँटल म्हणतात ते, ते द्रव नसतं, घनच असतं, पण प्रचंड गरम. त्यातला जास्त गरम भाग सावकाश वर यायला लागला की त्याच्यावरचा दाब कमी होतो, आणि दाब कमी झाला की तोच दगड वितळतो, तापमान वाढवायची गरज पडत नाही. अशी एक जागा हिंदी महासागरात रियुनियन बेटाखाली आहे. बहुतेक शास्त्रज्ञांच्या मते ६.६ कोटी वर्षांपूर्वी आपण त्या जागेच्या डोक्यावर होतो. होय, आपण, म्हणजे ही सगळी जमीन, पुणे-नाशिक-सातारा, विषुववृत्ताच्या दक्षिणेला होती आणि वर्षाला पंधरा सेंटिमीटरच्या आसपास वेगाने उत्तरेकडे सरकत होती. आपण पुढे निघून आलो आणि ती गरम जागा मागे राहिली, वाटेत तिच्यातून लक्षद्वीप-मालदीव-चागोसची रांग तयार झाली, मग मॉरिशस, आणि आज ती रियुनियनखाली आहे, तिथला पितों द ला फुर्नेझ ज्वालामुखी अजूनही सारखा पेटत असतो. त्याचा व्हिडिओ कधी बघा, आणि बघताना हे लक्षात असू द्या की आपल्या अंगणातला काळा दगड त्याच चुलीतला आहे.

आपण दक्षिणेला होतो ह्याचा पुरावा दगडातच आहे. लाव्हात लोहाची खनिजं असतात, लाव्हा थंड होताना ती त्या वेळच्या पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्राच्या दिशेने लागतात आणि तशीच कायमची राहतात. १९५०च्या दशकात दख्खनच्या दगडांची अशी मापं घेतली तेव्हा कळलं की हे दगड दक्षिण गोलार्धात गोठलेत. त्यावेळी खंड सरकतात हे जगातल्या बहुतेक भूशास्त्रज्ञांना मान्य नव्हतं! आपल्या खंडाळ्याच्या दगडाने त्या वादात साक्ष दिली, हे शाळेत शिकवायला पाहिजे होतं असं मला मनापासून वाटतं.

बरं, आता मुख्य गोष्ट, थर कसा ओळखायचा.

एक लोट घ्या. त्याच्या मधला भाग सावकाश थंड झालेला, घट्ट, एकसंध, काळा-करडा, घण मारला तर ठण्ण वाजणारा. तोच आपला काळा पाषाण. वरचा भाग मात्र वेगळा, लाव्हातले वायूचे बुडबुडे वर चढत जातात आणि सालीखाली अडकतात म्हणून तिथे दगड भोकाभोकांचा होतो. नंतर लाखो वर्षं त्या भोकांतून गरम पाणी फिरलं आणि त्यात पांढरी, हिरवट, गुलाबी खनिजं भरत गेली, झिओलाइट, स्फटिक, अकीक. ट्रेकच्या वाटेवर पांढरे ठिपके असलेला दगड पायाखाली येतो ना, तो हा. विहीर खणणारे याला मांजऱ्या म्हणतात. पुणे, नाशिक, जळगावच्या दगडखाणीतून निघालेले असे स्फटिक जगभरातल्या म्युझियममध्ये आहेत, वाघोलीचं निळंशार कॅव्हनसाइट तर संग्राहकांमध्ये फारच प्रसिद्ध आहे, आणि बघायचंच असेल तर सिन्नरला गारगोटी म्युझियम आहे. पोरांना घेऊन नक्की जा.

आणि दोन लोटांच्या मधे बऱ्याच ठिकाणी एक लाल पट्टा असतो. कधी वीतभर, कधी पुरुषभर. घाटात रस्त्यासाठी डोंगर कापलेला असतो तिथे हा लालभडक पट्टा लगेच डोळ्यात भरतो. मला सगळ्यात जास्त बोलावंसं वाटतं ते ह्याच्याबद्दल. एक लोट थंड झाल्यावर पुढचा येईपर्यंत मधे खूप काळ जायचा, तेवढ्यात वरचा दगड कुजून माती व्हायची, वाऱ्याने आलेली ज्वालामुखीची राख त्यात मिसळायची, आणि मग पुढच्या लोटाने ती भाजून निघायची. म्हणजे हा लाल पट्टा एकेकाळची जमीन आहे, उघडी जमीन, जिच्यावर पाऊस पडायचा. काही ठिकाणी तर ह्या मधल्या काळात तळी तयार झाली आणि त्यातले जीव दगडात सापडतात, मुंबईत वरळीच्या टेकडीत छोट्या बेडकांचे आणि कासवांचे जीवाश्म मिळालेत, दीडशे वर्षांपेक्षा आधीच लोकांनी ते शोधले होते. आज तिथे टॉवर आहेत. अलीकडे थरांची नेमकी वयं काढतात तीही ह्याच लाल पट्ट्यांमधल्या राखेत सापडणाऱ्या झिरकॉन नावाच्या खनिजाच्या बारीक कणांवरून.

तर हा क्रम, खाली घट्ट, वर भोकांचा, त्यावर लाल, परत घट्ट, परत भोकांचा. आता ह्याच्यावर पाणी सोडा, कोट्यवधी वर्षांचा पाऊस. घट्ट भाग सहज झिजत नाही, तो उभा तुटतो, आणि कातळकडा होतो. मऊ भाग झिजून मागे सरकतो आणि तिथे आडवी पायरी पडते, तिच्यावर माती साचते, जंगल वाढतं, त्याला आपण पदर म्हणतो. कडा, पदर, कडा, पदर. पावसाळ्यात माळशेजला किंवा वरंध घाटात धबधबा टप्प्याटप्प्याने उड्या मारत येतो तो ह्याच्यामुळे. कड्याला जिथे मोठी उभी भेग असते तिथे पाणी घुसून नाळ तयार होते आणि कोकणात उतरायच्या बहुतेक जुन्या वाटा अशाच नाळांमधून आहेत.

आणि किल्ले! किल्ला बांधणाऱ्याला निम्मा तट आयता मिळालेला होता. माथा सपाट कारण तो लाव्हाच्या थराचा माथा, चारी बाजूला कडा कारण घट्ट थर उभाच तुटतो, वर यायला एखादीच खिंड. पाण्याची टाकी खोदली ती घट्ट कातळात, म्हणून त्यातलं पाणी झिरपून जात नाही, आणि वरच्या भोकांच्या थरातून पाझर येतो म्हणून उन्हाळ्यातही काही टाक्यांना पाणी असतं. आपले लोक भूशास्त्र शिकलेले नव्हते पण त्यांना थर कळत होता, ह्यात मला शंका नाही. लेण्यांचंही तसंच. अजिंठा, वेरूळ, कार्ले, भाजे, सगळी ह्याच दगडात. एवढा जाड, एकसंध, तडे कमी असलेला दगड निवडल्याशिवाय कैलास लेणं वरून खाली कोरता आलंच नसतं. जिथे लेण्यात लाल थर किंवा भोकांचा थर आडवा गेलाय तिथे दगड लवकर झिजतो आणि पाणी गळतं, बघा कधी गेलात की. मुंबईचा दगड मात्र थोडा वेगळा, तिथे स्फोट होऊन उडालेले तुकडे आणि राख यांचा खडकही आहे, कान्हेरीची लेणी तशा दगडात आहेत.

ह्या सगळ्यात शेतकऱ्याच्या कामाची गोष्ट म्हणजे विहीर. घट्ट बेसॉल्टमध्ये पाणी रहातच नाही, जागाच नसते. पाणी रहातं ते वरच्या मुरुमात, भोकांच्या थरात आणि भेगांमध्ये. म्हणून एकाच शिवारात एका विहिरीला मे महिन्यात पाणी असतं आणि बांधापलीकडच्या विहिरीत ठणठणाट. म्हणून पाचशे फूट बोअर मारून नुसती धूळ निघते, लाखभर रुपये जातात, आणि लोक परत दुसऱ्या कोपऱ्यात मारतात. हे बघून जीव तुटतो. पाणाड्याला बोलावण्यापेक्षा आपल्या गावच्या ओढ्यात, विहिरीत, रस्त्याच्या कापात कोणते थर कुठल्या उंचीवर आहेत हे चार जणांनी नीट बघून कागदावर उतरवलं तर खूप पैसे वाचतील. थर जवळजवळ आडवे असतात, त्यामुळे एका विहिरीत भोकांचा थर ज्या उंचीला लागला त्याच उंचीला शेजारीही लागायची शक्यता बरीच असते. भूजल सर्वेक्षणवाले लोकही गावात आले की हेच बघतात.

आता डोंगराचं. वर म्हटलं तसं आधी होतं ते पठार. मग सह्याद्री उभा कसा राहिला? हिमालयासारखा नाही. हिमालय दोन खंडांची टक्कर होऊन वळ्या पडून वर आला, साधारण ५ कोटी वर्षांपूर्वी टक्कर सुरू झाली आणि अजून चालू आहे, तिथे एव्हरेस्टच्या माथ्यावर समुद्रातला चुनखडक आहे. सह्याद्रीत वळ्या नाहीत, थर बघा ना, आडवेच आहेत. इथे काय झालं तर लाव्हाच्या त्याच धामधुमीत पश्चिमेकडची जमीन तुटली आणि सेशेल्स बेटांचा तुकडा आपल्यापासून वेगळा झाला. त्या फाटलेल्या काठावर एका बाजूला समुद्र, दुसऱ्या बाजूला उंच पठार. मग पाऊस आणि नद्यांनी तो काठ कुरतडायला सुरुवात केली आणि कडा हळूहळू पूर्वेकडे मागे सरकत गेला. कोकण म्हणजे ह्या कड्याने सोडलेली जागा. आणि वजन कमी झालं की कवच थोडं वर उचललं जातं, त्यामुळे काठ उंचच राहिला.

माथेरान, प्रबळगड, माहुली हे कड्यापासून सुटे होऊन कोकणाच्या बाजूला उभे दिसतात ना, ते मागे राहून गेलेले तुकडे आहेत. कडा पुढे, म्हणजे पूर्वेला, निघून गेला आणि हे तिथेच राहिले. त्यांच्यावरचे थर समोरच्या घाटाच्या थरांशी जुळतात, मधला सगळा दगड वाहून समुद्रात गेला. म्हणून मला सह्याद्रीला उरलेला डोंगर म्हणावंसं वाटतं. दोन किल्ल्यांच्या मधल्या दरीत बघताना तिथे पूर्वी काय होतं याचा विचार करा, तिथे दगड होता, आपण उभे आहोत त्या उंचीपर्यंत आणि त्याच्याही वर.

ह्या उरलेल्या काठाने सगळ्या महाराष्ट्राचं पाणी ठरवलं. गोदावरी त्र्यंबकला उगम पावते, तिथून अरबी समुद्र जेमतेम ८० किलोमीटर, पण ती जाते उलटी, १४६५ किलोमीटर चालत बंगालच्या उपसागराला. भीमा, कृष्णा, तसंच. ढग पश्चिमेकडून येतात, कड्याला अडतात, वर चढतात, थंड होतात आणि रिते होतात. महाबळेश्वरला वर्षाला साडेपाच-सहा हजार मिलिमीटर पाऊस, आणि त्याच सातारा जिल्ह्यात माण-खटावला पाचशेच्या आसपास, तोही लहरी. एकाच जिल्ह्यात! दगड तोच, पण जिथे पाऊस कमी तिथे त्याची काळी चिकणमाती झाली, पाण्याने फुगणारी आणि उन्हाळ्यात हातभर भेगा पडणारी, कापसाची जमीन. जिथे पाऊस प्रचंड तिथे सगळं धुऊन निघालं, मुख्यतः लोह आणि ॲल्युमिनियम राहिलं आणि जांभा झाला. पाचगणीचं टेबललँड, कासचं पठार, ह्यांच्या डोक्यावर जांभ्याची टोपी आहे. विदर्भातला कापूस आणि पाचगणीचं टेबललँड एकाच दगडाची दोन रूपं.

डायनोसॉरबद्दल लिहिलं नाही तर मुलं रागावतील. लाव्हाच्या अगदी खालच्या गाळाच्या थरांत आपल्याकडे डायनोसॉरची हाडं आणि अंडी मिळतात, चंद्रपूर जिल्ह्यातल्या डोंगरगावला एका लांब मानेच्या डायनोसॉरचा बराचसा सांगाडा मिळाला, इसिसॉरस त्याचं नाव, आणि गुजरातेत बालासिनोरजवळ अंडीच अंडी. हे प्राणी संपले त्याच सुमारास इथे लाव्हा वाहत होता आणि त्याच सुमारास मेक्सिकोत चिक्शुलूबला अशनी आदळला. जास्त शास्त्रज्ञ मुख्य दोष अशनीला देतात, पण गर्टा केलर यांच्यासारख्या संशोधक वर्षानुवर्षं दख्खनच्या बाजूने बोलत आल्यात. २०१९ मध्ये दोन गटांनी एकाच वेळी थरांची नवी वयं छापली, एक गट म्हणतो अशनीच्या अगदी आधी मोठा लोट आला, दुसरा म्हणतो तीन चतुर्थांश लाव्हा अशनीनंतरचा. दोघांचेही नमुने आपल्याच घाटातले! मला वाटतं वायूने हवामान आधीच डळमळीत झालं असणार, लाकीचं जे झालं ते बघता असं वाटल्याशिवाय राहात नाही, पण घाव अशनीचाच मोठा.

शेवटी दोन गोष्टी ज्या मला सतत खुपतात. अंधेरीतली गिल्बर्ट हिल, २०० फूट उंच, लाव्हा थंड होऊन आकसताना पडलेल्या भेगांमुळे तयार झालेले उभे खांबच खांब. तिला वारशाचा दर्जा मिळालाय, आणि तरी आज ती चहूबाजूंनी इमारतींमध्ये अशी चेपली गेलीय की रस्त्यावरून नीट दिसतसुद्धा नाही. आणि दुसरी गोष्ट दरडींची. माळीण, ३० जुलै २०१४, दीडशेहून जास्त माणसं. तळिये २०२१. इर्शाळवाडी २०२३. कड्याखालच्या तीव्र उतारावर कुजलेला मुरूम आणि माती जमलेली असते, खाली घट्ट कातळ, मुसळधार पावसात पाणी मुरतं आणि कातळाला अडतं, मधला सगळा थर जड होऊन सुटतो. कडा मागे सरकतोय तो असाच सरकतोय, हे काम कधी थांबलेलंच नाही. अशा उतारावरच्या वाड्यांची यादी करून पावसाळ्याआधी त्या लोकांशी बोलणं, त्यांना शेतीच्या जवळच पण सुरक्षित जागा देणं, ह्याला दरवर्षी उशीर होतो आणि हे मला अजिबात सहन होत नाही. निदान आपण जिथे फार्महाऊसचा प्लॉट बघायला जातो तिथे उतार कापलाय का, वरून ओघळ येतो का, एवढं तरी बघावं आणि कापला असेल तर तो प्लॉट घेऊ नये.

थर बघायला कुठे जायचं असं बरेच जण विचारतात. उत्तरेकडे इगतपुरी-जव्हारला खालचे जुने थर आहेत आणि दक्षिणेकडे जावं तसे वरचे नवे थर लागतात, कारण सगळी चवड दक्षिणेला किंचित कललेली आहे. पण एकाच फेरीत बघायचं असेल तर पोलादपूरहून आंबेनळी घाटाने महाबळेश्वरला चढा. पोलादपूर, आंबेनळी आणि महाबळेश्वर ही तिथल्या थरांच्या गटांची अधिकृत नावं आहेत आणि जगभरातले भूशास्त्रज्ञ ह्याच रस्त्यावर नमुने गोळा करायला येऊन गेलेत. खालून वर जा, म्हणजे जुन्यापासून नव्याकडे जाल, आणि वर महाबळेश्वरला जांभा लागला की संपलं. पावसाळ्यात नको, त्या घाटात दरडी पडतात आणि रस्ताही बंद होतो. ऑक्टोबर-नोव्हेंबर चांगला, गवत सुकायला लागलेलं असतं आणि लाल पट्टे स्वच्छ दिसतात. गाडी वळणावर लावू नका, मोकळी जागा बघून लावा.